चेनसॉ आणि कडबाकुट्टीला वनस्पती तेल वापरताय? मग हा क्रम पाळा

बार ऑइल (चेनसॉची चेन ज्या पट्टीवर, म्हणजे बारवर, फिरते तिथे लागणारं तेल) संपलं म्हणून चेनसॉमध्ये किचनमधलं गोडंतेल ओतलं, चार दिवस झकास चाललं, मग मशीन पावसाळाभर पडवीत ठेवलं आणि दिवाळीनंतर काढलं तर चेन हलेचना. ही तक्रार इतकी कॉमन आहे की ऐकणाऱ्याला पुढचं वाक्यही पाठ असतं, "वनस्पती तेल बेकार, आपलं काळं ऑइलच बरं", म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल. खरं तर तेलाचा दोष यात थोडाच असतो. तेल चुकीचं निवडलेलं असतं, आधीचं ऑइल न काढता वरून ओतलेलं असतं आणि काम संपल्यावर मशीन तसंच ठेवून दिलेलं असतं, आणि या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

मुद्दा डोक्यात पक्का बसवा. वनस्पती तेल तिथेच चालतं जिथे तेल येतं, काम करतं आणि निघून जातं. जिथे तेल साठून राहतं, तापत राहतं आणि महिनोन् महिने बदललं जात नाही, तिथे ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि पाणी लागलं की आंबट होतं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यावरूनच निघतं.

## टप्पा १: आधी मशीन निवडा, तेल नंतर

बहुतेक जण उलटं करतात, घरात तेल पडलंय म्हणून मशीन शोधतात.

चालेल अशी ठिकाणं म्हणजे चेनसॉची बार आणि चेन, कडबाकुट्टीचे उघडे गियर आणि रोलरचे बुश, कोयता-विळा-सिकेटरची पाती, बांधकामातल्या सेंट्रिंगच्या प्लेटा. यातली चेनसॉ सगळ्यात फायद्याची, कारण तिचं सगळंच्या सगळं तेल शेवटी जमिनीवर पडतं. मध्यम चेनसॉची तेलाची टाकी साधारण पाव लिटरची असते आणि पेट्रोलच्या प्रत्येक टाकीमागे ती जवळपास रिकामी होते. कोकणात जुन्या हापूसची छाटणी करताना हे तेल थेट झाडाच्या आळ्यात जातं, आणि लोक तिथे वापरलेलं इंजिन ऑइल टाकतात! २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा धोकादायक कचरा आहे हा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यातले धातूचे बारीक कण तुमचा ऑइल पंप खातात, निदान तेवढ्यासाठी तरी ते बंद करा.

न चालणारी ठिकाणं आता नीट वाचा, कारण नुकसान इथेच होतं:

- कुठलंही इंजिन, मोटरसायकल असो की जनरेटर
- चेनसॉच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल
- बंद गियरबॉक्स
- ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक (बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये तेच ऑइल गियर आणि ब्रेकलाही असतं)
- शिलाई मशीन, कुलूप, पंखा
- बॉल बेअरिंग, म्हणजे जिथे ग्रीस निपल (ग्रीस भरायची टोची) आहे तिथे ग्रीसच

शिलाई मशीनबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे खोबरेल टाकायची सवय खूप घरांत आहे. त्या मशीनमध्ये तेलाचा पातळ थर महिनोन् महिने बसून राहतो. खोबरेल तेल घट्ट चिकट व्हायला वेळ लावतं हे खरं, पण साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं, म्हणजे नाशिक-निफाडच्या थंडीत सकाळी मशीन जड चालणारच. तिथे पांढरं शिलाई मशीन ऑइलच टाका, वाद नको.

रसवंतीचं काय, असंही विचारतात. रसवंतीच्या गियरचं वंगण रसात उतरू शकतं, त्यामुळे तिथे घरगुती प्रयोग न करता अन्नाशी चुकून संपर्क आला तरी चालेल अशा 'एच-१' दर्जाचं तयार ग्रीस घ्या.

थांबा आणि तपासा: मशीन वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमध्ये बार ऑइलचं पान उघडून बघा. काही कंपन्यांना वनस्पती तेल चालतं पण त्यांच्या मान्यतेचं, तयार बाटलीतलं.

## टप्पा २: तेल निवडताना 'सुकणारं' की 'न सुकणारं' ते बघा

सगळी खाद्यतेलं सारखीच असा समज आहे. जवसाचं तेल रंगकामाला का चालतं? कारण ते सुकून कडक थर होतं. मग तेच तेल चेनच्या पिनांमध्ये गेल्यावर वेगळं काय करणार?

हे मोजायचा आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. जितकं जास्त तितकं तेल लवकर चिकट होणार. जवस १७० च्या वर, साधी करडई १४० च्या आसपास, सूर्यफूल आणि सोयाबीन साधारण १२० ते १३५, तीळ ११० च्या जवळपास, शेंगदाणा ८५ ते १०५, एरंडेल ८२ ते ९०, खोबरेल १० च्या आसपास. म्हणजे घरात सगळ्यात सहज मिळणारं सूर्यफूल आणि सोयाबीन हेच या कामाला कच्चे, आणि करडई तर विदर्भ-मराठवाड्यात कितीही लाडकी असली तरी मशीनमध्ये नको.

दुसरी गोष्ट जाडी. शेंगदाणा, मोहरी वगैरे तेलं ४० अंशांना साधारण ३५ ते ४० सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), म्हणजे पातळ. एरंडेल त्याच तापमानाला २५० च्या आसपास. बाजारातलं बार ऑइल साधारण १०० ते १५० असतं. नुसतं शेंगदाणा तेल बारवरून लगेच उडून जातं, नुसतं एरंडेल थंडीत पंपाला ओढवत नाही. म्हणून मिश्रण.

माझा हिशोब असा:

- उन्हाळ्यात आणि कोकणात: एरंडेल १ भाग, शेंगदाणा किंवा मोहरी १ भाग. जाडी अंदाजे ९० ते १०० पर्यंत येते.
- घाटावर, थंडीच्या सकाळी: एरंडेल १ भाग, मोहरी २ भाग. इथे मोहरीच घ्या, शेंगदाणा तेल कडक थंडीत गोठायला लागतं.

करंज तेल न सुकणाऱ्यांतलंच आहे आणि कोयत्या-सिकेटरला, प्लेटांना चालेल, पण ते कडू आणि अखाद्य, त्यामुळे चाऱ्याच्या मशीनजवळ आणू नका. कडुनिंबाचंही तेच.

काच चाचणी: बाटलीवर काय लिहिलंय यावर विसंबू नका, भेसळ असते. खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर तेलाचा एक थेंब बोटाने पसरून पातळ थर द्या, शेजारी माहितीतल्या चांगल्या एरंडेलचा एक थर द्या, धूळ बसणार नाही असं उन्हात आठ-दहा दिवस ठेवा. मग बोट लावून बघा. बोट सरकतंय तर ठीक, बोट चिकटून ओढलं जातंय तर ते तेल भाजीला वापरा.

तळणाचं उरलेलं तेल नको. त्यात मीठ असतं, पाणी असतं, पदार्थाचे कण असतात आणि तापून तापून ते आधीच निम्मं खराब झालेलं असतं. फुकट मिळतं म्हणून मोह होतो, माहितीये.

## टप्पा ३: तेल तयार करणं

लाकडी घाण्याचं तेल खायला उत्तम, पण मशीनसाठी त्यातला गाळ आणि चिकट अंश त्रास देतो. रिफाइंड घ्या. घाण्याचंच वापरायचं असेल तर आठवडाभर न हलवता ठेवून वरचं नितळ तेल काढा आणि सुती फडक्याच्या दोन-तीन घड्यांतून गाळा.

एरंडेल घेताना स्वच्छ, पारदर्शक, फिकट पिवळं बघून घ्या. गढूळ, तळाला चोथा असलेलं स्वस्त एरंडेल कडबाकुट्टीसाठी अजिबात घेऊ नका. एरंडीतलं रायसिन हे विष पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही, पण चोथाच बरोबर आला तर त्याला काय अर्थ.

पुढचा क्रम असा:

१. पाणी आहे का बघा. स्टीलच्या पळीत चमचाभर तेल घेऊन मंद आचेवर गरम करा. चरचर आवाज आला, बुडबुडे फुटले तर पाणी आहे. असं तेल पसरट भांड्यात कडक उन्हात ठेवा आणि पुन्हा तपासा.

२. मिश्रण करा. दोन्ही तेलं कोमट असताना मिसळा, नीट हलवा.

३. थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले किंवा ढगाळ झालं तर कुठल्यातरी तेलात भेसळ आहे किंवा पाणी आहे, ते टाकीत घालू नका.

४. साठवताना लहान बाटल्या, गळ्यापर्यंत भरून, अंधारात. बाटलीत हवा जितकी कमी तितकं तेल टिकतं. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांबं तेल खराब व्हायचा वेग वाढवतं. बाटलीवर तारीख लिहा आणि शक्यतो एका हंगामापुरतंच बनवा.

ड्रमभर तेल करून ठेवण्यात काही शहाणपण नाही, उंदीर आणि मुंग्या तेवढ्या खूश होतील.

## टप्पा ४: जुनं ऑइल काढणं (इथे घाई करणारेच नंतर फसतात)

एरंडेल साध्या तापमानाला खनिज ऑइलमध्ये (पेट्रोलियमपासून बनलेल्या नेहमीच्या ऑइलमध्ये) नीट मिसळत नाही. टाकीत जुनं बार ऑइल असताना वरून एरंडेलचं मिश्रण ओतलं की तळाशी वेगळा थर बसतो, तो थर फिल्टरवर जातो, पंप कधी पातळ ओढतो कधी घट्ट, आणि चेन कोरडी पडते. शेंगदाणा आणि मोहरी मात्र दोघांशीही जुळवून घेतात. म्हणून धुवायला तेच वापरायचं.

१. स्पार्क प्लगची टोपी काढा. इलेक्ट्रिक चेनसॉ असेल तर प्लग किंवा बॅटरी काढा. हातमोजे घाला.

२. टाकीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूचा भुसा ब्रशने काढा. झाकण उघडून मग पुसणारे बरेच असतात, सगळा भुसा आत.

३. तेल पूर्ण ओतून काढा. तळाचा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून बघा, काळा मेणचट झाला असेल तर बदला, स्वस्त असतो.

४. साधारण पाव टाकी नुसतं शेंगदाणा किंवा मोहरी तेल घाला, झाकण लावा, हलवा, ओतून टाका. दोनदा करा.

५. बार आणि चेन काढा. बारची खाच पातळ पट्टीने किंवा जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने साफ करा. बारवर तेल येण्याचं बारीक भोक असतं, ते मोकळं आहे ना हे उजेडासमोर धरून बघा. चेनसॉला तेल मिळत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं या भोकात असतं, तेल कुठलंही असो.

६. चेन डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, पूर्ण कोरडी होऊ द्या.

७. बार उलटी करून बसवा, म्हणजे झीज दोन्ही बाजूंनी सारखी होते.

काढलेलं खनिज ऑइल वेगळ्या कॅनमध्ये जमा करा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या, बांधावर ओतू नका.

धोका, चिंध्या: तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वनस्पती तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं, ढिगात ती उष्णता अडकते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. जवस आणि करडईच्या बाबतीत तर ही भीती जास्तच. दोरीवर एकेक मोकळी वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात झाकण लावून ठेवा.

## टप्पा ५: पहिली टाकी आणि पहिला तास

मिश्रण भरा, चेन बसवा, ताण बघा. चेन बारच्या खालच्या बाजूला टेकलेली हवी आणि मोज्याच्या हाताने ओढल्यावर सहज फिरली पाहिजे.

तुमच्या मशीनला ऑइलर, म्हणजे बारवर येणारं तेल, कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर पहिल्या दिवशी तो जास्तीत जास्त ठेवा. एरंडेलच्या मिश्रणाला पंप जरा उशिरा पकडतो, थंडीत अजून उशिरा.

कागद चाचणी: जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, कडांवर दगड ठेवा. मशीन चालू करून बारचं टोक कागदाच्या वर वीतभर अंतरावर धरा, टेकवू नका, आणि पाऊण थ्रॉटल द्या. थोड्या वेळात कागदावर तेलाची बारीक ठिपक्यांची सरळ रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही म्हणजे चेन कोरडी आहे, कापायला सुरुवात करूच नका, परत टप्पा ४ मधलं भोक आणि फिल्टर बघा. जाड थेंब तुटक तुटक पडतायत तर मिश्रण जाड आहे, मोहरी थोडी वाढवा.

पहिल्या तासात पातळ फांद्याच कापा आणि अधूनमधून थांबून तीन गोष्टी बघा. बारच्या टोकाला धूर किंवा जळका वास नको. चेन सैल पडत असेल तर ताण परत द्या, गरम झाल्यावर ती लांबतेच. आणि पेट्रोल संपेपर्यंत तेलाची टाकी बरीच रिकामी झाली पाहिजे, तेल भरलेलंच राहिलं तर ते बारवर येत नाहीये हे उघड आहे. प्रत्येक पेट्रोलला तेल भरायचंच, "अजून आहे थोडं" करत बसू नका.

तळणाच्या घाण्यासारखा वास येतो म्हणून काही जण घाबरतात, तो चालतो. धूर दिसला तर मात्र थांबा.

## टप्पा ६: कडबाकुट्टी

इथे चेनसॉसारखा पंप नाही, हाताने लावायचं, त्यामुळे तेल पातळ असून चालत नाही आणि भरमसाट लावूनही चालत नाही.

आधी मेन स्विच बंद, प्लग बाहेर, आणि चाकात लाकडी पाचर घाला. नुसतं स्विच बंद करून हात घालू नका, जड चाक हाताच्या धक्क्यानेही फिरतं आणि पाती बोटं बघत नाही.

उघड्या गियरसाठी घट्ट लेप करा. स्वच्छ एरंडेल ४ भाग आणि मधमाशीचं मेण १ भाग. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं ठेवा आणि त्यात मेण-तेल वितळवा, थेट आचेवर नको. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यामुळे फार तापवायची गरज नाही. गार झालं की मलमासारखं होतं. मशीन उन्हात असेल आणि लेप ओघळत असेल तर मेण थोडं वाढवा.

लावण्याआधी गियरच्या दातांतला जुना काळा थर खरवडून काढा. त्यात भुसा आणि माती मिसळून घासायची पेस्ट तयार झालेली असते, तिच्यावर नवीन लेप म्हणजे झीज चालूच. मग बोटाने प्रत्येक दातावर पातळ लेप. रोलरच्या बुशला तेलाच्या छिद्रातून मिश्रणाचे दोन-तीन थेंब, बस. पट्ट्यावर तेल उडू देऊ नका, तो घसरेल. निपल असलेल्या बेअरिंगना नेहमीचं ग्रीस, तिथे हा लेप अजिबात नको.

मग मशीन रिकामी थोडी फिरवा, ओघळलेलं पुसा आणि पहिला पेंढीभर चारा बाजूला टाका. एरंडेल जुलाबाचं औषध आहे, थेंबाने जनावराला काही होत नाही, पण चाऱ्यावर डाग पडण्याइतकं गळत असेल तर तुम्ही जास्त लावलंय.

लेप रोज वापरात असेल तर आठवड्याला बघा. दातांवर तपकिरी होऊन घट्ट व्हायला लागला की खरवडून नवा लावा, जुन्यावर चढवत बसू नका. पितळी बुशच्या कडेला हिरवट थर दिसला तर तेल आंबट झालंय, ते काढून धुवून ताजं घाला.

## टप्पा ७: काम संपल्यावर

सगळ्यांकडून सुटणारा टप्पा हाच.

दोन-चार दिवसांची सुट्टी असेल तर काही करू नका, फक्त चेनचा ताण सैल करून ठेवा. दोन आठवड्यांच्या वर मशीन पडून राहणार असेल तर टाकीतलं वनस्पती तेल काढा, थोडं साधं खनिज बार ऑइल घाला, मशीन दोन-तीन मिनिटं चालवून ते पंपातून जाऊ द्या, मग तेही काढा. मधे एकदा शेंगदाणा तेलाने धुतलंत तर अजून चांगलं, कारण तेच, एरंडेल आणि खनिज ऑइल पटत नाहीत. बार-चेन काढून साफ करा आणि हलकंसं खनिज ऑइल लावून कागदात गुंडाळून ठेवा.

यावर "मग खनिज ऑइल वापरलंच की" असं म्हणणारे असतात. हो, चमचाभर, तेही हंगामातून एकदा. बाकीचं सगळं जे आळ्यात पडलं ते वनस्पतीचं होतं.

## आधीच जाम झालं असेल तर

चेनवर तपकिरी, नखाने खरवडून निघणारा थर दिसतोय म्हणजे तेल पक्कं झालंय. इथे डिझेल-रॉकेल फार उपयोगाचं नाही, ते खनिज ऑइलचं औषध. थर अजून ओलसर चिकट असेल आणि एरंडेलचा असेल तर स्पिरिटने सुटतो, विस्तव जवळ नको. कडक झाला असेल तर फक्त चेन, म्हणजे निव्वळ स्टीलचा भाग, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर ठेवा, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरेल.

सोड्याचं पाणी चेनसॉच्या बॉडीला, पंपाला किंवा टाकीला लावू नका, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतात आणि सोडा ते खातो. पंप जाम असेल तर टाकीत कोमट शेंगदाणा तेल भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी चेन न लावता मशीन हळू चालवून भोकातून तेल येतंय का बघा. तरी आलं नाही तर पंप उघडावा लागेल, आणि ते काम मेकॅनिककडेच द्या, पण देताना टाकीत कुठलं तेल होतं ते त्याला सांगा, नाहीतर तो बिचारा रॉकेलनेच धूत बसेल.